फरशीतलं जोडपं

३ सप्टेंबर, बुधवार

शितल, मी रुख्मिणीबाई. तुझी आजी, तुझ्या बापाची आई. सगळं सांगितलेलं बरं, तुझा काय भरवसा. चार दिवस गोरेगावात राहून गेलीस तर चष्मा माझ्या उखळावर, चार्जर खिडकीत आन एक चप्पल अंगणात. नांदेडला काय एका पायानं पोचलीस का काय, ते अजून कळलं न्हाई. नर्स होशील तवा एकाची सुई दुसऱ्याला टोचू नको, म्हणजे मिळवलं.

तूच सांगून गेलीस की आजी, रोज थोडं बोलत जा, मी हिकडं वाचत जाईन. म्हणून बोलून राहिले. माईकचं चित्र दाबलं की हा फोन ऐकतो, मी गप झाले की लिहून तुझ्याकडं धाडतो. तारीखबी तोच टाकतो. मी काय बोलले आन त्यानं काय लिहिलं ह्याचा पडताळा घ्यायला मला कुठं अक्षर येतं. चूक निघाली तर ती तुझी, शिकवणारी तू.

तर आज मी तुझ्या बापाच्या नव्या घरी, कनेरगाव नाक्याला आले. कायमची. गुडघे काही ऐकंनात, आन तातेराव म्हणला की आई, एकटी ऱ्हाऊ नको. गोरेगावच्या घराला कुलूप घातलं. जीपवाल्यानं मला म्होरं बसवलं, मागं बाया कोंबल्या होत्या त्या माझ्याकडं अशा बघत होत्या जशी मी निवडून आले. जीपवाल्याला म्हणलं, हळू चालव बाबा, नवं घर बघायला डोळे शाबूत पोचू दे.

घर पाहून मला हसूच आलं. म्होरं रस्त्याच्या अंगाला तातेरावाचं टाईल्सचं दुकान, त्याला लागून घर. दुकानात जो माल कुणी घेतला न्हाई तो सगळा घरात बसलाय. न्हाणीच्या भिंतीला निळा समुद्र, त्यात मासे. गॅसच्या मागं द्राक्षाचे घड आन कपबशा. जिन्याला लाकडासारखी फरशी, लाकूड न्हाई. देवघराला सोनेरी नक्षी. पण एक खोकं कमी भरलं म्हणून कोपऱ्यात संडासातली पांढरी लागलीय. देवानं ती पाहून न पाहिल्यासारखी केली असंल.

बैठकीत मात्र तुझ्या बापानं हात सैल सोडलाय. हातहातभर पांढऱ्या फरश्या, आरशावानी. मी पाय ठेवला तर खाली एक म्हातारी उलटी लटकलेली. मी पाय उचलला, तिनंबी उचलला. मी जीभ दाखवली, तिनं दाखवली. तुझी माय म्हणली, आत्याबाई, लेकरावानी काय करून राहिल्या. मी म्हणलं, बेबी, ह्या घरात माझ्याशी खेळायला कुणीतरी भेटलं.

बेबीनं पुरणाची पोळी केली होती. तिची पोळी फाटते, पण गोड होती. चांगलं चाललंय माझं.

४ सप्टेंबर, गुरुवार

काल दमले होते, घराचं तोंड नीट पाहिलंच न्हाई. आज सकाळी समोर जळबाच्या टपरीवर चहाला बसले आन पाहिलं.

जळबा म्हणजे म्हातारा चहावाला. बशीत चहा वतता वतता त्यानं इचारलं, तुमी कोण. मी म्हणलं, तातेरावाची माय. तर गडी एकदा माझ्याकडं बघतो, एकदा घराकडं बघतो. चहा बशीबाहेर गेला. मी म्हणलं, काहून रे, माय असायची बंदी हाये का नाक्यावर. तो हसला, पण उशिरा हसला.

मग मी घराकडं पाहिलं. दाराच्या उजव्या अंगाला, माणूसभर उंच, सहा फरश्या जोडून एक चित्र बसवलंय. गुजरातकडं कारखाने हायेत म्हणे, फोटो धाडला की ते फरशीवर उमटवतात आन भट्टीत भाजतात. मग ते चित्र उन्हानं उडत न्हाई, घासून जात न्हाई. आजकाल समद्या नव्या घरांना माय-बापाची अशी फरशी लागते. चित्रात एका बाकावर मी हाये आन तुझा आजा हाये.

आज्याला जाऊन लई वर्षं झाली. तुला त्याची काठी तेवढी आठवत असंल. त्याचं मुंडकं सोसायटीच्या जुन्या फोटोतलं, माझं आधार कार्डावरलं. धडं कुणाची हायेत देव जाणे. मला हिरवं लुगडं, कोपरापर्यंत हिरव्या बांगड्या आन रुपयाएवढं कुंकू. न इचारता परत सवाष्ण करून टाकलं. त्याच्या हातात काठी, दोघांच्या गळ्यात हार. खाली अक्षरं. मी म्हणलं, सत्कारच केला पोरानं.

खरं सांगू का, आमी जितेपणी एका बाकावर कधी बसलो न्हाई. किसनराव खाटेवर, मी भुईवर. लोक त्याला शांत माणूस म्हणायचे, आन होताच. ओरडायचा न्हाई, मारायचा न्हाई. मी माहेरी निघाले की मनगट धरायचा. बांगड्यांच्या वरून, दोन बोटांनी, आन दाबत ऱ्हायचा. बांगडी चटकली की म्हणायचा, जा आता. मग मी जायची न्हाई. तो गेला तवा मी रीतीनं रडले, आन तेराव्यानंतर दोन्ही हात पसरून खाटेवर आडवी झाले. तसं सुख मला कधी मिळालं नव्हतं.

आता फरशीत दोघं शेजारी. पण मधे सांधा हाये. कादर मिस्त्रीनं त्यात पांढरं भरलंय, सरळ रेघ. तो तिकडं, मी हिकडं. रेघ मला आवडली.

६ सप्टेंबर, शनिवार

कादर मिस्त्री शिरड शहापूरचा. ह्या घरातली हरेक फरशी त्यानं बसवली. आता अंगणाच्या भिंतीचं काम करून राहिला. बोटाच्या पेरानं फरशीवर ठकठक करत चालतो. भरीव वाजली तर खाली माल बराबर बसलाय, पोकळ वाजली तर आत हवा. मी म्हणलं, माझ्या डोक्यावर वाजवून बघ. तो म्हणला, मावशी, ते भरीव असंल, तोंड बंद होत न्हाई तुमचं.

आज गणपती बुडवायला मिरवणूक निघाली, तर लोक आमच्या दारापुढून जाताना चित्राला हात जोडून राहिले. एका बाईनं बेबीला इचारलं की सासूबाई कधी गेल्या. मी दारात उभी. मी म्हणलं, कुठं गेले, संडासला बी न्हाई गेले. ती बाई पदर तोंडाला लावून निघून गेली.

मग कादरनं मला बाजूला घेतलं. खाली बघत बोलला.

"मावशी, तुमाला वाचता येत न्हाई म्हणून सांगून राहिलो. खाली नावं हायेत. दोन्ही नावांच्या आदी 'कै.' लिहिलंय. आज्याच्याबी आन तुमच्याबी."

कै. म्हणजे कैलासवासी. वर गेलेलं माणूस.

तातेरावाला इचारलं तर त्याचं तोंड उतरलं. म्हणला, कारखान्यात जोडप्याचा एकच साचा तयार असतो, हार बी त्यातलाच. नावं धाडली, त्यांनी टाकून दिली. खोकं उघडल्यावर कळलं. भाजलेला माल परत घेत न्हाईत. दिवाळीनंतर अक्षरांवर एक पट्टी चिकटवतो म्हणला. बेबी कणीक मळत होती. मान न वळवता म्हणली, असू द्या की, आज ना उद्या खरंच व्हायचं, तवा परत कुठं फोडाफोडी करायची.

मी म्हणलं, व्हय बाई, आधीच मरून ठेवलेलं बरं, आयत्या वेळी धांदल होते. सगळे हसले. शितल, तुझी माय वाईट न्हाई. तिला काम उरकायची घाई असते एवढंच.

८ सप्टेंबर, सोमवार

पितरपाख लागला.

आज चित्राजवळ गेले, फडक्यानं तोंड पुसायला. माझं, त्याचं न्हाई. तर त्याचं कोपर रेघेवर आलंय. परवा नव्हतं. कादरला बोलावून दाखवलं. तो म्हणला, मावशी, भाजलेला रंग हाये, सरकंल कसा. पण त्यानं सवयीनं ठकठक केली. त्याची बाजू भरीव. माझी पोकळ. छातीच्या जागी तर अशी वाजली जशी रिकामी घागर. त्यानं मुकादमावानी मान हलवली, म्हणला, मीच बसवली, बराबर बसवली होती.

त्यानं टकटक केली तवा मला हिथं छातीत कळलं. कुणी दार वाजवावं तसं. त्याला सांगितलं न्हाई.

दुपारी दुकानात एक गिऱ्हाईक आलं, मी पाणी दिलं तर त्यानं पेला घेतलाच न्हाई. माझ्याकडं बघितलंबी न्हाई. उर्मट असतात काही.

१२ सप्टेंबर, शुक्रवार

आज तुझ्या आज्याची तिथी होती. नीट ऐक, जे झालं ते सांगते.

बेबीनं पहाटपासून रांधलं. वडे, खीर, भाजी, भात. पहिलं पान चित्रापुढं ठेवायचं, मग गच्चीवर कावळ्याला. तर तिनं दोन पानं वाढली. मी म्हणलं, दुसरं कुणाचं. ती म्हणली, आत्याबाई, फरशीवर दोघं हायेत, एकापुढं ठेवून दुसऱ्याला उपाशी कसं ठेवायचं, लोक बघतात. मी म्हणलं, दुसरी मी हाये, मला ताटात वाढ. तातेराव मधे पडला, म्हणला, आई, दुसरं पान मग गायीला देऊ, आता पावणे आलेत, वाद नको.

दोन्ही पानं गच्चीवर गेली. तिथं फुटक्या फरश्यांचे तुकडे बसवलेत, ऊन असं चमकतं की डोळे दिपतात. मीबी वर गेले, जिन्याला धरून. कावळा लगेच आला. आन आला तो सरळ माझ्या पानावर. वडा उचलला आन गेला. दुसरा आला, तोबी माझ्याच. आज्याच्या पानाकडं कुणी बघंना.

तुला ठाऊक हाये, कावळा शिवंना म्हणजे गेलेल्याची इच्छा राहिली. तातेराव हात जोडून उभा राहिला. दुकानाला तुमचं नाव देतो म्हणला. तंबाखूची पुडी ठेवली. देवळाला फरशी देतो म्हणला. कावळे कठड्यावर बसून बघत राहिले. पावणे भुकेले, पोरं रडून राहिली, वड्यावर माशा. कावळा शिवायच्या आधी कुणी घास तोंडात घालायचा न्हाई, ही रीत.

मग तुझी माय म्होरं आली. पदर खोचलेला, कपाळावर घाम. हात जोडून मोठ्यानं म्हणली,

"मामंजी, जेवा आता. आत्याबाईला काही आमी ठेवून घेत न्हाई. तुमच्याच हायेत त्या. येतील तुमच्याजवळ."

तिचं बोलणं संपायच्या आत कावळा उतरला. एक न्हाई, कठड्यावरले समदे. पान असं साफ केलं की हिरवं दिसायला लागलं.

सगळे हसले. सुटलो म्हणले. जेवायला खाली पळाले. मीबी हसले असेन. आठवत न्हाई.

१३ सप्टेंबर, शनिवार

जेवण लागंना. म्हणजे भूक हाये, लई हाये. पण भात तोंडात घातला तर वाळू. खीर घेतली तर चुन्याचं पाणी. बेबीला म्हणलं, मीठ टाकलंस का. तिनं तातेरावाला वाढलं, तो मिटक्या मारत जेवला. त्याच्याच पातेल्यातलं.

मी घास गिळला तर तो खाली उतरतच न्हाई. गळ्याशी थांबतो आन विरून जातो. पोट तसंच रिकामं.

बेबीनं माझं ताट उचलताना म्हणलं, अन्नाला शिवल्या बी न्हाईत. मी अर्धं ताट संपवलं होतं, शितल. ताट भरलेलं होतं.

१४ सप्टेंबर, रविवार

बैठकीतली म्हातारी गेली. उलटी लटकलेली, माझ्याशी खेळणारी. पंखा दिसतो फरशीत, बेबी दिसते, टीव्ही दिसतो. मी उभी ऱ्हाते तिथं पांढरं.

म्हणलं डोळे गेले असतील. बाहेर चित्र पाहायला गेले. डोळे न्हाई गेले.

त्याचा हात रेघेच्या ह्या बाजूला आलाय. काठी न्हाई हातात. दोन बोटं माझ्या मनगटावर, बांगड्यांच्या वरून. आन चित्रातली मी हसत होते ना, आधार कार्डावानी कसनुशी, ते हसू गेलंय. मला ते तोंड ओळखू आलं. चाळीस वर्षं तेच घातलं होतं मी.

खाली पायरीवर काचा. हिरव्या. बांगडीच्या.

तातेरावाला हात धरून आणलं. त्यानं काचा बघितल्या, म्हणला, कुण्या गिऱ्हाईक बाईची फुटली. चित्र बघून म्हणला, आई, असंच होतं ते. तू पहिल्यांदा नीट पाहून राहिली.

असंच नव्हतं.

१५ सप्टेंबर, सोमवार

कादरला म्हणलं, काढ ती फरशी. माझी बाजू काढ. तातेराव हिंगोलीला माल आणायला गेला, बेबी दुकानात, आत्ताच काढ. त्याला म्हणलं, तुझ्या आईला असं कुणी लावलं असतं तर.

त्यानं चित्र पाहिलं आन त्याच्या तोंडाचं पाणी पळालं. त्यानंच बसवलेलं, त्यालाच दिसलं. त्यानं मनात काहीतरी म्हणलं, छिन्नी घेतली. सांध्यावर, जिथं तो हात रेघ ओलांडून आलाय तिथं, एकच घाव घातला. चित्रातल्या मनगटाची कपची उडाली.

माझं मनगट उघडलं. हिथं, हाडाच्या वर. रक्त न्हाई आलं, शितल. तू नर्सचं शिकतेस, तूच सांग. आतून पांढरी माती आली. भुगा. फरशी फोडल्यावर निघतो तसा.

कादरनं छिन्नी टाकली. मला ओट्यावर बसवलं, स्वतःचा रुमाल बांधला. म्हणला, मावशी, आता मी हिला हात लावणार न्हाई, ही फुटली तर तुमी फुटाल. मग त्याचा डबा उघडा होता, अर्धी खाल्लेली ज्वारीची भाकर आन ठेचा, त्यातली त्यानं पुढं केली. दुसरं काय करावं त्याला सुचलं न्हाई.

मी खाल्ली. आन शितल, चव आली. मीठ लागलं. मिरची लागली. घास खाली उतरला आन पोटात पडला, मला त्याचा आवाज ऐकू आला. मी रडले.

कादर संध्याकाळपर्यंत थांबला न्हाई. हत्यारं घेऊन गेला.

१६ सप्टेंबर, मंगळवार

तुला फोन लावला. तुझ्या फोटोवर बोट ठेवलं. तू हॅलो हॅलो म्हणालीस. मी ओरडले. तू कुणाला तरी म्हणालीस, आजीचा फोन आपोआप लागला वाटतं, आन ठेवून दिलास.

हा माईक तेवढा ऐकतो. मी बोलले की टुक वाजतं. ह्याला कोण जितं कोण मेलं त्याची ओळख न्हाई. शितल, वाचत जा गं. मी मागं बोललेलं वाचलंस का तू. एकदाबी उत्तर न्हाई.

इचार करून राहिले. बेबीच्या हातचं ताजं लागत न्हाई आन कादरचं लागलं, काहून. ताज्याला कुणी शिवलेलं नसतं. पितराला उष्टं चालत न्हाई, देवाला बी न्हाई. आधी त्यांचं, मग आपलं. ह्या घरात मला वाढलेलं जे जे कोरं, आख्खं, ते माझ्या ताटातून त्या पानावर जातं. तो खातो. किंवा ती, हिरव्या लुगड्याची.

उष्टं तेवढं जित्या माणसाचं. कादरनं दात लावला होता म्हणून ते माझं राहिलं.

१७ सप्टेंबर, बुधवार

तातेराव ताटात पोळीचा तुकडा टाकून उठला. मी उचलला. उतरला पोटात. तेवढ्या बळावर पिशवी घेतली आन गोरेगावला निघाले.

नाक्यावर जीप आली. हात केला. थांबली, बाया चढल्या, मी पाय टाकला तर पायरीवर पाय ठरंना, निघाली. दुसरी आली. जीपवाला तोच, मला म्होरं बसवणारा. माझ्याकडं बघत होता आन माझ्या मागचं पाटीवरलं गाव वाचत होता.

जळबाकडं गेले. बाकावर बसले. त्यानं फडकं मारलं. मी बसले तिथं, माझ्या मांडीवरून. मग शेजारच्याला म्हणला की तातेरावाची माय गेली म्हणे, नुकती आली होती बिचारी, ह्याच बाकावर चहा पिली.

कुणी सांगितलं त्याला. कुणी न्हाई. समोर लिहिलंय.

घराकडं परत यायला मात्र पाय आपोआप चालले. ओढल्यावानी. मनगटापासून.

१८ सप्टेंबर

बेबीनं कपची उडालेली दिसू नये म्हणून चित्रावर बारदान टांगलं.

दिवसभर मला काळोख. तागाचा वास, नाकातोंडात कुसं. भोकाभोकातून रस्ता दिसतो. मी आत कॉटवर बसलेली हाये. मला रस्ता दिसतो, शितल. ट्रक दिसतात.

आन शेजारी कुणीतरी श्वास घेऊन राहिलं. तंबाखूचा वास.

बोलत न्हाई. तो कधीच बोलत —

१९ सप्टेंबर

बारदान वाऱ्यानं पडलं. बरं झालं. न्हाई, बरं न्हाई.

रेघ न्हाई राहिली. मधली पांढरी. सांधाच न्हाई. माझ्या बाजूवर मीच पेरानं वाजवून पाहिलं, कादरवानी. भरीव. सगळी भरीव.

बेबीला वाटतं मांजर येतं. उष्टी ताटं ठेवत न्हाई आता. जेवले की लगेच घासते, खरकटं गायीच्या बादलीत. बादलीवर झाकण, झाकणावर दगड. मी दगड ढकलला. हात दगडातून — न्हाई, दगड हललाच न्हाई असं म्हणते.

तातेराव माझ्या कॉटवर दुकानाची खोकी रचून राहिला. मी त्याच्यावर बसले होते.

"तात्या," म्हणलं. लहानपणी म्हणायची तसं. तो थांबला. इकडं तिकडं बघितलं. डोळे पुसले. मग खोकं ठेवलं.

२० सप्टेंबर

उद्या सर्वपित्री अमावस्या. बेबी तातेरावाला म्हणली, उद्या दोघांचंबी एकदमच घालू, म्हणजे झालं, पुढच्या साली तिथी दोन-दोन कोण लक्षात ठेवतं.

दोन पानं. गच्चीवर. माझ्या पानाला कावळा थांबत न्हाई, मी पाहिलंय. त्या दिवशी तिथी आज्याची होती, उद्याचं पान माझ्या नावानं, शिवला की झालं. मग मी त्याचीच. हिथं भिंतीत, ह्या बाकावर, त्याच्या बोटांत, ऊन उडवत न्हाई, पाऊस धुवत न्हाई. भाजलेलं.

मरायला मी भीत न्हाई, शितल. खरंच सांगते. गोरेगावच्या खाटेवर हात पसरून मरायला मी एका पायावर तयार होते. पण त्याच्याजवळ न्हाई. एकदा झालं ते. परत न्हाई.

पोटात माणसाचं उष्टं असलं तर कावळा शिवणार न्हाई. जित्याचं अन्न पोटात असलेलं माणूस पितर कसं होईल. एवढंच सुचतं मला. पण उद्या हिथं उष्टं कुठून येणार, कावळा शिवेपर्यंत घरात कुणी घास घेणार न्हाई. चहा बी न्हाई.

कादरचा नंबर मला —

२१ सप्टेंबर

टुक वाजलं. ऐकतोय अजून.

वड्याचा वास. कढई चढली. बेबी दोन पानं धुऊन राहिली.

मला कॉट दिसत न्हाई आता, रस्ता दिसतो. समोर जळबा. हात हलत न्हाई. फोन कुठं हाये ते बी — बोलते तोवर बोलते.

शितल, नांदेडहून सकाळची बस नाक्याला थांबते. कंडक्टरजवळ दे. समोरच्या टपरीवर ठेव म्हण. तू ये म्हणत न्हाई, तू येशील तर दार वाजवू नको, छातीत —

भाकर पाठव. तुमच्या मेसची, कसली बी, शिळी चालंल. वडा नको, खीर नको, तूप नको. पान नको, फडक्यात बांध. आधी तू खा. माझ्यासाठी काढून ठेवू नको, खा, पोटभर खा, आन खाता खाता मधेच थांब आन तेवढी बांध. दाताची खूण दिसली पाहिजे. तुझ्या दाताची. शितल, आख्खी पाठवू नको, आख्खी आली तर ती त्याची, आख्खी